बंद इंजिनाचा विंच

दुकानदार फार गोड बोलायला लागला ना, की मी त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघते. गेल्या पावसात गावच्या वाटेवर आमची जीप ओढ्यात बंद पडली. मी आणि लेक सुमन, दोघी कमरेएवढ्या पाण्यात. म्हणून परळला विंच घ्यायला गेलो, अडकलेली गाडी ओढून काढणारा.

"आजी, हायड्रॉलिकच घ्या. इलेक्ट्रिक बॅटरीवर चालतो, लगेच तापतो. हा दिवसभर ओढेल!" असं म्हणत त्याने आपल्या जीपच्या विंचने समोरचा टेम्पो ओढून दाखवला. सुमन खूश. पण याचा हात जीपच्या किल्लीवरून हलेना. इंजिन घुरघुरतंच आहे. का बरं?

मी सरळ खिडकीतून हात घातला, त्याचा हात बाजूला सारला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. टेम्पो जागीच थांबला.

"अहो आजी, याला इंजिन चालू लागतं!"

"इंजिन चालू असतं तर आम्ही ओढ्यात कशाला बसलो असतो रे?"

सुमन कुजबुजली, "पण आई, इलेक्ट्रिक मध्ये मध्ये थांबवावा लागतो म्हणे."

"लागू दे. चाळीचा जिना मीही थांबत थांबतच चढते. कधी खाली राहिलेय?"