परदेशी मुलाच्या समन्सला मी दार उघडले, त्याबाबत

मी, तक्रारदाराची सख्खी आई, वय ६६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार लाँड्रीच्या वर, दुसरा मजला, आज पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, कोर्टाचा बेलिफ आमच्या घरात जबरदस्तीने घुसला ही माझ्या मुलाची तक्रार खोटी आहे.

मुलगा सहा वर्षांपासून परदेशात नोकरीस आहे. सून माझ्याजवळ राहते. तिला सोडायचीही नाही आणि न्यायचीही नाही, असे त्याचे चालले आहे. आता तिचे दुसरीकडे जमले आहे. माणूस चांगला आहे, मी स्वतः पाहून आले.

सुनेने घटस्फोटाचा दावा लावला. समन्स परदेशी जायचे तर तिथल्या सरकारमार्फत जाते आणि सोबत तिथल्या भाषेत भाषांतर लागते. पहिल्या वेळी भाषांतर जोडायचे राहिले, म्हणून नऊ महिन्यांनी कागद परत आले. दुसऱ्या वेळी 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा आला. त्याच आठवड्यात सदर इसम माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलला. त्याच्या मागे खिडकीला, मी त्याच पत्त्यावर शिवून पाठवलेले पडदे होते.

गेल्या मंगळवारी तो सुट्टीवर आला. मी कोर्टात जाऊन बेलिफसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "आजी, माणूस इथंच हाती लागला तर परदेशाची भानगडच नको. पण लागला पाहिजे ना!" मी म्हटले, "उद्या दुपारी एकला या. ताटावर बसला की तो भूकंप झाला तरी उठत नाही."

ते वेळेवर आले. दार मी उघडले, बसायला खुर्चीही मीच दिली. मुलगा म्हणाला, "हात खरकटा आहे, सही जमणार नाही." मी पाणी आणि नॅपकिन आणून दिला. सही केल्यावर तो ओरडला, "तू माझी आई आहेस की तिची?" मला वाईट वाटले, पोटचा गोळा आहे. पण मोतीबिंदूनंतर दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यांत थेंब घातले ते तिने. ती गेल्यावर मी एकटी पडणार, हे मला कोणी समजावायला नको.

बेलिफसाहेबांनी कोणाला बोटही लावलेले नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात हवालदारसाहेबांनी माझ्या भल्यासाठी 'सुनेच्या दबावाखाली' असे घातले होते. ते खोडून मी 'स्वखुशीने' लिहायला लावले. आता बरोबर आहे.