हर्रासातला कोच

जगातला सगळ्यात मोठा फुटबॉल कोच कोण, हे मला अमरावतीच्या संत्र्याच्या हर्रासात कळलं, खोटं वाटेल तुम्हाला. बारक्या, आंबट संत्र्यांच्या ढिगावर बोली चालू होती. तसला माल मी कधी घेत नाही, म्हणून शेजारी उभ्या व्यापारी मनोहरभाऊशी निवांत वाद घालत होतो. तो इटलीवाल्या कोचचा भक्त, मी जर्मनीवाल्याचा.

"अबे, माहा कोच मैदानाच्या कडेले असा नाचते!" म्हणत मी दोन्ही हात उंचावले.

"घेतला शेटजीनं!" हर्रासवाला ओरडला. हात वर म्हणजे बोली, हे नवख्यांना मीच शिकवतो! अख्खा ढीग गळ्यात पडला.

मनोहरभाऊ हाताची घडी घालून गालात हसत म्हणाला, "तुले केव्हाचा सांगून राहिलो, माहा कोच मॅचभर हाताची घडी सोडत नाई."