अख्खी भाकरी कुणी गिळतं का?

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य उदयसिंह सर, व्यासपीठावरील पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देतोय ते प्राणिशास्त्राचे शिवप्पा सर, गौरम्मा वहिनी आणि समोरच्या सगळ्या आजी-माजी मंडळींनो, मी राज-नं-दि-नी. सरांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात शिकवते. मागे कोण हसतंय? हसून घ्या. नाव असं तोडून का सांगितलं, ते कळेलच.

सरांचा पहिला तास कोण विसरेल? फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका माशीचं नाव: पॅरास्ट्रॅटिओस्फेकोमाइया स्ट्रॅटिओस्फेकोमाइऑइडीस. माशी एवढीशी आणि नाव मालगाडीएवढं! मी नातेपुत्याहून सोलापुरात नवीन आलेली, सरांनी नेमकं मलाच उठवलं. म्हटलं, "न्हाय सर, आमाला न्हाय जमायचं." सर म्हणाले, "अगं, अख्खी भाकरी कुणी गिळतं का? तोडून खा की." आणि टाळी देत तुकडे पाडले. पॅरा म्हणजे जवळची, स्ट्रॅटिओ शिपाई, स्फेको गांधीलमाशी, माइया माशी. घंटा होईपर्यंत अख्खा वर्ग ते नाव घोकत होता.

सर घरीही रोज सकाळी ते म्हणतात. वहिनी भाकरी थापतात, थापेला एक अक्षर. माहेरचं, सासरचं, सगळं बोलणं कानडी. या माशीशी वहिनींचं काय देणंघेणं? पण कान तयार झाला. गेल्या उन्हाळ्यात थापता थापता त्यांचा हात थांबला. "री, ओंदु बिट्ट्री," म्हणाल्या. अहो, एक सोडलंत. 'को' गेला होता. सर हसले. चार दिवसांनी 'स्फे'सुद्धा गेला. मग एकदा जेवताना मीठ हवं होतं आणि 'मीठ' हा शब्दच सापडेना.

हे मी चहाडी म्हणून सांगत नाहीये बरं का. निरोपाचं ठरलं तेव्हा सरच म्हणाले, "राजनंदिनी, सांगून टाक. उत्तराच्या भाषणात मी अडकलो तर पोरं हसायला नकोत." डॉक्टर म्हणतात, शब्द एकेक करून जाणार, नावं सगळ्यात आधी. औषधानं वेग कमी होईल, थांबणार मात्र नाही. म्हणून ही मुदतीआधीची निवृत्ती. मला फार राग येतो हो. पण काढायचा कुणावर?

परवा आमंत्रण द्यायला घरी गेले. सरांनी ते नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, मी टाळी देत बरोबर म्हणत होते. एक अक्षर गळलं नाही! मी तर नाचायचीच बाकी होते. वाटलं, चुकले डॉक्टर. सरही खूश. मग वहिनींकडे वळून हळूच म्हणाले, "छान म्हणते. कुणाची ही मुलगी?"

वहिनी उठून चहा ठेवायला आत गेल्या.

आता सर बोलायला उठतील. मध्येच शब्द पुरवू नका, घड्याळाकडे बघू नका. आभार मानताना त्यांच्याकडून कुणाचं नाव राहिलं, तर त्याची माफी मी आत्ताच मागून ठेवते. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तेही पोटात घाला. मला बोलायला दिलंत, अध्यक्षांचे आणि पाहुण्यांचे आभार.

आणि सर, जरा इकडे बघा. घाई नाही. तोडून म्हणू या. राज. नं. दि. नी.