शंकररावांचं बसून

१० जानेवारी १९७९, कडाक्याची थंडी. ऐका, पण हसू नका. आमचे शंकरराव लष्करी बँडमध्ये वीस वर्षं ‘बसून’ नावाचं लांब लाकडी वाद्य वाजवत होते, कायम दुसऱ्यांच्या चाली. निवृत्तीनंतर नाशकात एका संस्थेच्या कविता-गाण्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच स्वतःची रचना वाजवणार होते. मी कार्यक्रमपत्रिकेत लिहून दिलं, ‘शंकरराव: बसून, स्वतःची रचना’.

सभागृहात पाहतो तर छापील पत्रिकेतून ‘बसून’ गायब. संस्थेचे चिटणीस म्हणाले, “अहो, सगळे बसूनच ऐकवतात. वेगळं काय छापायचं?”

तोवर शंकरराव मंचावर गेले होते. निवेदक म्हणाला, “काका, तो नळा बाजूला ठेवा आणि कविता वाचा.”

“अहो, हे बसून आहे.”

“मग बसून वाचा की! खुर्ची देऊ?”

सभागृह हसलं. शंकरराव खाली उतरले. त्यांची रचना वाजली नाही.