सोनेरी की बुटका

दोन हजार पंधरा साल होतं की सोळा, नक्की सांगता येणार नाही... माझ्या आठवणीवर मीच विसंबत नाही, तुम्ही कशाला विसंबता! पण उन्हाळा होता, नात मयुरी नागपूरहून सुटीला आमच्याकडे मलकापूरला आली होती, आणि छत्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला मी एका उंदरापुढे हात टेकून बसलो होतो! उंदीर नाही हो, हॅमस्टर. पाळायला घेऊन देईन असं मीच कबूल केलं होतं त्या नऊ वर्षांच्या पोरीला. पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो तर दुकानदार शेखर विचारतो, "कोणता देऊ सर? सोनेरी सीरियन, बुटका रशियन, का थो पिटुकला रोबोरोव्स्की?" मयुरीनं लगेच एका सोनेरी पिल्लावर बोट ठेवलं. कान जरा फाटलेला त्याचा. पण तुम्हीच सांगा, जिवंत जीव घरात आणायचा तर खात्री नको करायला?

माहिती टिपायला वही घातली. सोनेरी एकटाच राहतो, दुसरा जवळ आला की अंगावर जातो. मग त्याला एकटं वाटत असेल का? बुटके जोडीनं नांदतात म्हणे, तर दुसरीकडे लिहिलेलं, भांडतात! रोबोरोव्स्की हातात थांबतच नाही. आमची सिंधू म्हणाली, "अहो, शेवटी उंदीरच नं थो? आपल्या कोठीत काय कमी हायेत? धरा एखांदा!" धरा म्हणे! खात्री नको करायला?

तेवढ्यात मुलाचा, प्रेमानंदचा, फोन. "बाबा, मी चौथीत होतो तवा मले कबुतर देतो म्हणे तुम्ही. अजून ठरवूनच राह्यले काय?" हसत म्हणाला, पण लागलं हो मला. खरंच, कबुतरांवर वाचता वाचता पोरगा मॅट्रिक झाला होता. आता नातीच्या बाबतीतही तेच? तिचं परतीचं तिकीट एकतीस मेचं. मयुरी मात्र हट्ट करत नव्हती. रोज विचारायची, "ठरलं का आबा?" आणि संध्याकाळी आजीला घेऊन दुकानात नुसती बघून यायची.

तीस मे. ठरलं. बुटका! शेखरनं मयुरीकडे पाहिलं, मयुरीनं शेखरकडे, आणि तो आत जाऊन भोकं पाडलेला खोका घेऊन आला. "घ्या सर, बुटका." दिलेला शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेत पाळला! दुसऱ्या दिवशी गाडी हलेपर्यंत खोका मीच धरून होतो.

मग नागपूरहून फोटो येऊ लागले. पोळ्यापर्यंत तो बुटका मुठीत मावेना! मी घाबरलो. शेंगदाणे जास्त होतात का? काही आजार तर नाही? रोज फोन. तो सुखानं जगला, म्हातारा होऊन गेला, तरी माझी वही चालूच... खात्री नको करायला?

परवा खामगावला एका लग्नाच्या पंगतीत शेखर शेजारी बसला. केस पिकलेत आता. म्हणाला, "सर, थो बुटका नव्हता हो. थोच फाटक्या कानाचा सोनेरी. पोरीनं पहिल्याच दिवशी कानात सांगतलं होतं, काका, याले आत ठेवा, आबाचं ठरेपर्यंत."

आणि मी त्या फोटोंत रंग-कान पाहिलेच नव्हते, नुसतं पोट मोजत होतो! मयुरी आता कॉलेजात आहे. हात धुऊन पहिला फोन तिलाच केला. खात्री नको करायला?

"हो आबा," म्हणाली. "आणि कबुतराचं बाबांनीच सांगितलं होतं, म्हणून तर लपवायला लावला."