शववाहिनीला वाट

वादळात घाट ओलांडायचा तर बर्फ हटवणाऱ्या यंत्रामागून, तेही एका खेपेला मोजून तेरा गाड्यांनी. चौदाव्या गाडीतले दोघे भाऊ काळे सूट घालून घाटाच्या बंद फाटकाजवळच्या टपरीवर कॉफीच्या रांगेत उभे होते. त्यांच्या मागे पंधराव्या गाडीतली तूरिड; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"आपण तेरावे होतो, तोर्ग्रिम. हात करून 'आधी तुम्ही' कोण म्हणालं?"

"शववाहिनीला वाट देतातच, दादा."

"आत आपलीच आई होती, गाढवा!"

"म्हणून काय तिला मागे ठेवायचं?"

"हो! ती इथे अडकली असती, तर पलीकडे चर्चवाले मुकाट्याने थांबले असते. आईशिवाय आईला पुरता येत नाही. आपल्याशिवाय येतं."

"पुढची खेप कधी?"

"उद्या. वारा उतरला तर."

"मग पाद्रीबाईंना थांबायला सांगू."

"सांगून झालं. चार दिवस जमीन तापवून खड्डा खणलाय म्हणे. उद्यापर्यंत बर्फाने भरून गोठेल."

"आणि खांदा कोण देणार? पलीकडे आपलं उरलंय कोण?"

धाकट्याचा फोन वाजला. पलीकडून पाद्रीबाई बोलत होत्या.

"दादा, पुढे गेलेल्या गाड्यांतली माणसं चर्चपाशी थांबलीत. यंत्रवालासुद्धा. सहा जण उचलायला तयार आहेत."

"ओळखीचं कुणी?"

"कुणीच नाही. काही सांगायचंय का, विचारतायत."

थोरल्याने टोपी काढली.

"म्हणावं, पायऱ्यांवर सावकाश. तिला घसरायची फार भीती वाटायची."