चूल वेगळी असल्याचा दाखला

माझा जन्म सांगलीचा. वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात विकत आणलेली पुस्तकं नव्हती, पण छापताना वाया गेलेली पानं ढिगाने यायची, त्यामुळे मी अर्ध्या गोष्टी वाचतच मोठी झाले, सुरुवात आहे तर शेवट नाही, शेवट आहे तर माणसं कोण ते कळत नाही, असं. पुढे एम.ए. केलं, कऱ्हाडला एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इकडे अमेरिकेत आले. यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. तुम्ही म्हणालात पहिल्यापासून सांगा, म्हणून सांगते.

एक मात्र सांगायला हवं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मी दहा वर्षांची असताना आमच्या घरात चूल वेगळी झाली. वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ एकत्र राहायचे, तीन खोल्यांत आम्ही आठजण. भांडण म्हणाल तर मोठं नव्हतं. एका सकाळी चुलतीने त्यांच्या खोलीत स्टोव्ह पेटवला, एवढंच. संध्याकाळी शेजारच्या बाई येऊन म्हणाल्या, काय हो, वेगळे झालात म्हणे, तर आई म्हणाली, छे हो, आमचं सगळं एकत्रच आहे. आईला मी तेवढं एकच खोटं बोलताना ऐकलं.

अविनाश, म्हणजे माझा नवरा, प्रोग्रामर होता. दोन हजार एक साली त्याची नोकरी गेली, तशी पुष्कळांची गेली, पण पुष्कळांना परत मिळाली, त्याला नाही मिळाली. सहा महिने इथे, चार महिने तिथे असं करत करत शेवटी तो एका गोदामात लागला, माल उतरवून घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर नोंदवायचा. मी श्रूजबरीत एका शाळेच्या कॅफेटेरियात काम धरलं. अपार्टमेंट परवडेना तेव्हा आम्ही काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो. काका-काकू म्हणजे नागपूरचे, नात्याचे नाहीत, इथल्या मराठी मंडळातली ओळख. काका इंजिनियर, मुलगा दूर कॉलेजला, घर मोठं. बेसमेंटला मागून वेगळं दार, एक लहानसा स्टोव्ह, एक फ्रिज. आमची मुलगी रेवा तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या सुमारास अविनाशने कुठेतरी वाचलं की नोकरी करणाऱ्या पण पगार कमी पडणाऱ्या कुटुंबांना सरकार किराण्यासाठी दर महिन्याला एका कार्डावर मदत घालतं. फूड स्टॅम्प म्हणतात. आमचं ग्रीन कार्ड होऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे आम्हाला चालत होतं. त्याने अर्ज केला, मिळालं. पण काय सांगू तुम्हाला, ते कार्ड वापरायला तो वीस मैल लांबच्या दुकानात जायचा, आपल्याकडचं कुणी भेटू नये म्हणून. रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचं आणि सोमवारी वीस मैलांवर जाऊन दूध आणायचं. मी म्हणायचे, अरे पेट्रोलला जातं तितकं, तर म्हणायचा, जाऊ दे गं.

दर वर्षी तो अर्ज नव्याने भरावा लागतो. घरात कोण कोण आहे, कोण किती कमावतं, भाडं किती, सगळं परत. पगाराच्या चिठ्ठ्या जोडायच्या, मुलाखत द्यायची. ते सगळं अविनाश करायचा. तो बोट ठेवायचा तिथे मी सही करायची.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात तो गेला. गोदामात. छातीत दुखतंय म्हणाला आणि खोक्यावर बसला, असं त्याच्याबरोबरच्या माणसाने मला सांगितलं. मला आणखी काही विचारायचं सुचलं नाही.

आपल्याकडे सुतकात घरात शिजवत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात, तसं काकूंनी केलं. तेरा दिवस त्या वरून जेवण खाली आणत होत्या. चौदाव्या दिवशी त्यांनी जिन्यातून हाक मारली, ये गं वर, पोरीला घेऊन ये, पानं घेतली आहेत. मी गेले. पंधराव्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही, मी आपणहून गेले. त्यानंतर रोजच. मी शाळेत कामाला जात होते, दोनशे मुलांच्या ट्रेमध्ये वाढत होते, घरी येऊन वर जाऊन जेवत होते, खाली येऊन झोपत होते. खालचा स्टोव्ह मी पेटवला नाही. पेटवायचा नाही असं ठरवलं नव्हतं, नुसता पेटवला नाही. कार्डावर यायचं त्यातून मी कणीक, दूध, भाजी आणायचे ती काकूंच्याच फ्रिजमध्ये ठेवायचे. काकू रागवायच्या, हे काहून आणून राहिली तू, आमच्या घरी काय दुष्काळ पडला आहे काय. मी ठेवून द्यायचे.

एप्रिलमध्ये अर्ज आला. या वेळी तो माझ्या एकटीच्या नावावर होता. मी तो चांगल्या अक्षरात भरला, लायब्ररीत पुस्तकांची कार्डं करायचे तसा, एकेका चौकटीत एकेक अक्षर. त्यात एक प्रश्न होता, तुमच्याबरोबर राहून, एकत्र विकत आणून, एकत्र रांधून जेवणारी माणसं किती. मागच्या वर्षी अविनाशने तिथे तीन लिहिलं होतं, त्याची झेरॉक्स त्याने फाइलमध्ये लावून ठेवली होती. मी दोन लिहायला घेतलं आणि थांबले. मग मी खाली चौघांची नावं लिहिली. माझं, रेवाचं, काकांचं, काकूंचं. मला ते खरंच वाटलं. आणि दुसरं असं, की ज्यांचं अन्न पाच महिने खाल्लं त्यांच्याबद्दल सरकारी कागदावर लिहायचं की आमची चूल वेगळी आहे, हे मला जमण्यासारखं नव्हतं. फायद्या-तोट्याचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही.

दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. काकांच्या पगाराच्या चिठ्ठ्या दहा दिवसांत आणून द्या, नाहीतर अर्ज बंद होईल. मी ते घेऊन वर गेले. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, माझा पगार त्यांना कशाला हवा. मग त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, अगं, तू मला तुझ्या घरात घातलंस. आता माझा पगार तुझ्यात धरला तर तुला पै मिळणार नाही. काकू पोळ्या लाटत होत्या, म्हणाल्या, मग काय झालं, नाही मिळालं तर नाही मिळालं, ही काय उपाशी राहून राहिली आहे आपल्याकडे. रेवा म्हणाली, मॉम, आर वी रिच नाऊ? काका हसले. मग कुणी हसलं नाही.

आता हे तुम्हाला नीट सांगते. पैशाचं होतंच. माझा पगार आणि अविनाशच्या नावाने सरकारकडून रेवाला महिन्याला येतं ते, दोन्ही मिळून भाडं, गाडी, हीटिंग एवढंच निघतं. पण त्याहून मोठं म्हणजे पुण्याहून माझे दीर दर रविवारी फोन करायचे, वहिनी, परत या, रेवाला इथल्या शाळेत घालू, तिथे लोकांच्या घरी किती दिवस राहणार. मी म्हणायचे, लोकांच्या घरी नाही भाऊजी, मी भाडं देते, माझं मी खाते. ते कार्ड बंद झालं असतं तर हे म्हणता आलं नसतं. मग दोनच वाटा होत्या, एक काकूंच्या जिवावर राहायची आणि एक विमानतळाची. रेवाला इथेच राहायचं होतं. मला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून तिचं ते माझं.

मी सुट्टी घेऊन फूड स्टॅम्पच्या ऑफिसात गेले. तिथली बाई माझ्याच वयाची असेल, टेबलावर तिच्या कुत्र्याचा फोटो. तिने विचारलं, तुम्ही यांच्याबरोबर जेवता का. मी म्हटलं, हो. रोज? हो. कोण शिजवतं? काकू. ती तुमची आँटी आहे का? मी म्हटलं, नाही, घरमालकीण. ती म्हणाली, हे बघा, तुमच्या खोलीला स्टोव्ह आहे, तुम्ही भाडं देता, तुम्ही तुमचं आणून तुमचं शिजवत असाल तर तुम्ही दोघीच, मग त्यांचा पगार मी धरत नाही. घरमालकाची तशी चिठ्ठी आणा. पण जे असेल ते खरं हवं, खोट्या कागदावर सही करणं गुन्हा आहे, तुमचाही आणि त्यांचाही. मी विचारलं, कधी कधी एकत्र जेवलं तर? ती म्हणाली, सणासुदीला पाहुणे म्हणून कुणीही जेवतं, बहुतेक वेळा काय करता ते सांगा. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या नंतर आम्ही. आणि पुढचं वाक्य मला इंग्रजीत करता येईना. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी रडत नव्हते, पण एक घेतला.

घरी येऊन काकांना सांगितलं. काकांची सिटिझनशिपची मुलाखत दोन महिन्यांवर आली होती. ते म्हणाले, मी खोटं लिहून देणार नाही, बाई. खरं असलं तर आत्ता सही करतो. काकू एकदम म्हणाल्या, खरं म्हणजे काय हो? हिला वेगळी काढली असं लिहून देता? लोक काय म्हणतील, नवरा मेला आणि सहा महिन्यांत पोरीला वेगळी चूल मांडून दिली! काका म्हणाले, लोक हा कागद वाचणार नाहीत. काकू म्हणाल्या, मी वाचीन ना. आणि गॅस बंद करून आतल्या खोलीत गेल्या.

मी खाली आले. काय करावं याचा मी फार विचार केला असं नाही. कपाट उघडलं. तूरडाळीत टोके झाले होते, ती टाकून दिली. तांदूळ बरे होते. दुकानात गेले, जवळच्याच दुकानात, वीस मैलांवरच्या नाही, डाळ, तेल, मोहरी, बटाटे घेतले आणि कार्ड काढलं. मागे मंडळातल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी बघितलं, मी बघितलं, त्या म्हणाल्या, थंडी गेली बाई एकदाची. मी म्हटलं, हो ना.

घरी येऊन स्टोव्ह पेटवला. वरण-भात केला, बटाट्याची भाजी केली. रेवा खाऊन म्हणाली, इट्स ओके, बट काकूज इज बेटर. मी म्हटलं, उद्या मीठ कमी घालीन. मला स्वतःला मीठ कमी की जास्त ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या फ्रिजमधून मी माझी कणीक आणि दूध काढून घेतलं. काकू तिथेच उभ्या होत्या, निवडत होत्या काहीतरी, त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी खाली येऊन विचारलं, रोज करतेस ना? मी म्हटलं, रोज. त्यांनी खिशातून कागद काढून तिथेच टेबलावर सही केली. काकूंनी सही केलेली नव्हती. काका म्हणाले, एकाची चालते.

काकू पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा रेवाला शाळेतून आणायला उशीर झाला तेव्हा त्यांनी तिला घरात घेऊन खायला घातलं आणि मला म्हणाल्या, लिहून ठेव बाई तुझ्या सरकारच्या वहीत, एक पराठा आणि लोणचं. तेव्हा मला कळलं की त्या बोलायला लागल्या.

अर्ज मंजूर झाला, वर्षाचा. यंदा परत आला, मी भरला, त्या प्रश्नाच्या चौकटीत दोन लिहिलं, काही अडलं नाही. दीर आता महिन्यातून एकदा फोन करतात. मी खाली असते, वर काकूंची फोडणी ऐकू येते, वासही येतो, माझी फोडणीही त्यांना ऐकू जात असेल. काकांची सिटिझनशिप झाली. कुणी कुणाचं वाईट केलं नाही, हे मला नीट माहीत आहे, देव त्या दोघांना निरोगी ठेवो, माझ्या मुलीचं इथे बरं चाललंय ते त्यांच्यामुळे.

फक्त एक आहे. पूर्वी मी वर जायचे ती तशीच जायचे, हात ओले असले तर पदराला पुसत. आता सणाला काकू आदल्या दिवशी फोन करतात, एका घरातून त्याच घरात फोन, आणि म्हणतात, उद्या दोघी जेवायला या हं, नक्की. मी म्हणते, हो काकू, येतो. मग मी चांगली साडी नेसते, काहीतरी गोड करून वाटीत घेते, आणि मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, पुढच्या दाराची बेल वाजवते.